वस्तऱ्याने घोटून दाढी: हात कसा बसवायचा? (कोल्हापूर आणि पंचक्रोशी)

करवीरकाठ

राम राम मंडळी.

घरी, स्वतःच्या हाताने, खऱ्या वस्तऱ्याने दाढी करायला शिकणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. खरा म्हणजे दुमडता, अखंड पोलादी पात्याचा. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवून वापरतात तो नव्हे. यूट्यूबवर या विषयाचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ते करणाऱ्यांचं पाणी वेगळं, हवा वेगळी. आपल्याकडे दाढी राठ, बोअरचं पाणी जड आणि जूनपासून पुढे चार महिने पोलाद उघडं ठेवाल तिथे गंज. म्हणून इथल्यांनी इथलं सांगावं अशी इच्छा आहे.

माझा हात कुठवर आलाय ते आधी सांगतो. गाल आता तुळतुळीत निघतात. खालून वर बोट फिरवलं तरी काही लागत नाही. हनुवटी आणि जबड्याखालचा खळगा अजून हवा तसा निघत नाही. एवढ्या सरावातून एक गोष्ट मात्र पक्की कळली आणि ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी: घोटीव दाढी दाबून येत नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. दाढी निघत नसेल तर धार कमी पडलीय, केस भिजलेला नाही किंवा कातडी सैल आहे. यातलं काय चुकतंय ते शोधायचं, हाताचा जोर वाढवायचा नाही. साध्या रेझरला थोडा दाब चालून जातो, कारण धारेच्या पुढे गार्ड असतं. इथे धार आणि गाल यांच्यामध्ये काहीच नसतं.

दाढी आंघोळीनंतरच करतो. मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं तोंडावर. फेस वाटीत ब्रशने करतो, ताज्या दह्यासारखा घट्ट आणि ओला. बोअरच्या पाण्यात साबण फुलत नाही आणि फुललाच तर लगेच बसतो, म्हणून दाढीपुरतं नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतो. वस्तरा गालावर असताना फेस वाळायला लागला की तिथेच थांबून पुन्हा ब्रश फिरवायचा.

केसांचा रोख ओळखायला एका दिवसाची वाढ असताना, कोरड्या चेहऱ्यावरून बोटं चारी बाजूंनी फिरवा. जिकडे जाताना गुळगुळीत लागतं तो सुलटा हात, जिकडे खरखरतं तो उलटा. माझ्या गालांवर केस सरळ खाली जातात, गळ्यावर डावीकडे तिरके कानाकडे, आणि उजवीकडे चक्क वर. कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवले आणि तो कागद आरशाशेजारी चिकटवला. पहिली फेरी सुलटी, दुसरी आडवी, तिसरी उलटी, आणि प्रत्येक फेरीआधी नवा फेस.

धरायची रीत अशी: मूठ वर वळवायची, पात्याच्या मागच्या दांड्यावर वरून तीन बोटं, खालून अंगठा, करंगळी शेपटीवर. पात्याची पाठ कातडीपासून साधारण ३० अंश उचललेली. रोज कोण मोजणार? पाठीची जी जाडी आहे तशा दीड-दोन जाड्या पाठ आणि गाल यांच्यामध्ये मावल्या की कोन बरोबर. त्याहून उभा धरला तर धार कातडी खरवडते, अगदी झोपवला तर केस ओढतो. आणि काहीही झालं तरी वस्तरा धारेच्या लांबीच्या दिशेने सरकवायचा नाही. कापतं ते त्यानेच.

सुरुवातीला फक्त गाल वस्तऱ्याने करा आणि बाकीचं नेहमीच्या रेझरने. गाल सपाट असतो, हात तिथेच बसतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चामोटी, म्हणजे वस्तरा फिरवून धार नीट करायचा कातडी पट्टा, कुठून आणि कसल्या कातड्याची घ्यावी? घरच्या घरी दगडावर धार लावणारं कुणी आहे का? आणि हनुवटी-जबड्याचं काय करावं?

मंगळवारपेठ_कारागीर

दादा, धागा वाचून लई बरं वाटलं. आमचा धंदा पिढीजात, दुकान आजही चालू हाय. सगळं बरोबर लिहिलंय, फक्त भिजवण्यावर अजून जोर द्या. आमचे आजोबा साबण लावतच नव्हते. वाटीतलं पाणी घेऊन बोटांनी दाढी चोळत बसायचे, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, खुंट नरम पडेपर्यंत. मग वस्तरा लावायचे. साबणाने वस्तरा घसरतो, खरं केस मऊ होतो तो पाण्यानं. आज आमच्या दुकानात गर्दीच्या वेळी एवढा वेळ मिळत नाही, तुमच्याकडं घरी हाय. चोळा.

आता हनुवटी. खालचा ओठ दातांवर आत ओढून घ्या, म्हणजे खळी सपाट होते. डाव्या हाताच्या बोटानं हनुवटीची कातडी खाली ताणा. सगळं पातं लावू नका, टोकाकडची अर्धीच धार वापरा, आणि हात अगदी आखूड, बोटाच्या पेराएवढा. हनुवटीचा केस सगळ्यात राठ, म्हणून ती शेवटी घ्यायची. तोवर फेसाखाली भिजत पडते.

जबड्याखालच्या खळग्यात वस्तरा घालायचाच नाही. खळगा वर आणायचा! तोंड दुसऱ्या बाजूला फिरवा, हनुवटी थोडी वर, आणि कानाखाली बोटं लावून गळ्याची कातडी वर ओढा. जिथं खड्डा होता ती कातडी जबड्याच्या हाडावर येते. हाडावर घ्या, सोडून द्या. आम्ही गिऱ्हाइकाची मान फिरवतो ती ह्याच्यासाठीच.

बोटं कोरडी पाहिजेत, न्हाईतर कातडी धरता येत नाही. ताणणाऱ्या हाताला तुरटी चोळा, पकड येते.

एका गोष्टीत माझं मत वेगळं हाय. नव्या माणसानं आधी अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर हात बसवावा. धार लावायची कटकट नाही, ब्लेड रोज नवं.

उद्यमनगरी

कारागीर दादा, हनुवटीचं सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार. ब्लेडच्या मुद्द्यावर मात्र सहमत नाही. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हलका असतो आणि ब्लेडची धार अतिशय तिखट. कोन थोडा चुकला तरी माफी नाही. अखंड वस्तऱ्याला वजन आहे, तो स्वतः सावरून चालतो. शिवाय चामोटीवर फिरलेली धार कातडीला मऊ लागते. दोन्ही हत्यारांचा हात वेगळा, एकावर शिकून दुसऱ्यावर गेलं की पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

माझं काम टूलरूममधलं, त्यामुळे दगडाबद्दल लिहितो. वस्तऱ्याची रचना फार हुशारीची आहे. धार लावताना कोन धरावा लागत नाही. पात्याची पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची, कोन आपोआप येतो. उदाहरण घ्या. पाठ साडेपाच मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंत रुंदी २० मिलिमीटर असेल तर धारेचा एकूण कोन पावणेसोळा अंशांच्या आसपास बसतो. म्हणून पाठ कधीच उचलायची नाही. पाठ झिजू नये म्हणून काहीजण तिच्यावर इलेक्ट्रिकची टेप लावतात; त्याने कोन जेमतेम एका अंशाने वाढतो, चालतं. फक्त एकदा लावली की पुढेही प्रत्येक वेळी लावायची.

नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगड १००० नंबरचा, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि शेवटी १२००० च्या आसपासचा. १००० नंबर फक्त बोथट किंवा खड्डे पडलेल्या वस्तऱ्याला. एकदा धार बसली की पुढे कित्येक महिने वरचेच दोन नंबर लागतात. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं, चामोटीवर पाठ पुढे ठेवून ओढायचं. हे उलट झालं तर चामोटी कापली जाते आणि धारही जाते.

दगड सपाट हवा. दोन-चार वेळा वापरला की मध्ये दबतो, आणि दबलेल्या दगडावर सरळ धार येत नाही. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरा, दगडावर पेन्सिलने रेघा मारा आणि रेघा जाईपर्यंत पाण्यात घासा. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट (मोजमापासाठीची अगदी सपाट लादी) मिळाली तर उत्तमच. उद्यमनगरात अर्ध्या वर्कशॉपमध्ये ती पडून असते, विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

आणि कृपा करून वस्तरा बेंच ग्राइंडरवर किंवा बफवर देऊ नका. या पोलादाची कडकपणाची पातळी ६० एचआरसीच्या (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) आसपास असते. पाणी पाजल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, ते साधारण १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापवून ठिकाणावर आणलेलं असतं. धारेपाशी पातं इतकं पातळ की ग्राइंडरवर क्षणात तापतं. निळा रंग चढला म्हणजे तिथे ३०० अंश झाले आणि पाणी उतरलं, कडकपणा गेला. मग तो वस्तरा कितीही घासा, धार धरणार नाही. उकळत्या पाण्याने यातलं काही होत नाही, ती भीती सोडून द्या.

शाहूपुरी_नवखा

वाचनखूण साठवली. उद्यमनगरी सर, एक शंका. केस एवढा मऊ आणि पोलाद एवढं कडक, तर धार जातेच कशी?

उद्यमनगरी

चांगला प्रश्न आहे. यावर अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी काम केलंय, २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलं होतं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी धारेचे टवके उडतात. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. धार नुसती झिजत नाही. केस कापताना वाकला आणि त्याच जागी पोलादाच्या पोतात थोडा फरक असला, तर बारीकसा टवका निघतो. त्यांनी बाजारातले साधे डिस्पोजेबल रेझर वापरले होते, पण आपल्याला त्यातून घेण्यासारखं आहे: केस नीट भिजवा, कातडी ताणा, म्हणजे केस उभा राहतो आणि वाकायच्या आत कापला जातो. कारागीर दादांचे आजोबा हेच करत होते.

आबांची_लेक

मी दाढीच्या धाग्यावर काय लिहिणार असं वाटलं होतं, पण चामोटीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, आधी गावात बलुत्यावर काम करत. वार ठरलेले, घरोघरी जायचं आणि सुगीला धान्य घ्यायचं. पुढे कोल्हापुरात येऊन गंगावेशीत छोटं दुकान टाकलं. त्यांची धोकटी आजही माझ्याकडे आहे: दोन वस्तरे, कैची, नखं काढायची नराणी, पितळी वाटी आणि हातभर चामोटी.

चामोटीवर वस्तरा फिरवताना आबांचा कोपर हलत नसे. मनगटही फार नाही. वस्तऱ्याचा दांडा अंगठा आणि पहिल्या बोटात धरलेला, आणि टोकाला पोचलं की तो बोटांत लाटून वस्तरा पाठीवरून उलटा करायचे, धारेवरून कधीच नाही. चामोटी ताठ ओढलेली. सैल राहिली तर धार गोल होते, असं ते शिकाऊ पोरांना सांगत. शेवटी तळहातावर एक-दोनदा फिरवून मग अंगठ्याचं पेर ओलं करून धार त्यावर हलकेच टेकवायचे, अजिबात न सरकवता. धार पेराला चिकटल्यासारखी वाटली की म्हणायचे, “धरतोय.” नुसती गुळगुळीत लागली की पुन्हा चामोटी. नखावर धार तपासणाऱ्याला ते रागावत, कारण नखाने धार मोडते. अंगठ्याचं पेर मात्र ज्याचा हात हलका आहे त्यानेच लावावं, शिकताना नाही.

एक मनातलं सांगते. ही कला आमच्या नाभिक समाजाने पिढ्यान्पिढ्या जपली आणि तिला मान मिळाला नाही. आता तोच वस्तरा परदेशातून महाग होऊन येतो आणि छंद म्हणवला जातो. छंद जरूर करा, मला आनंदच आहे, पण शिकताना आधी आपल्या पेठेतल्या एखाद्या म्हाताऱ्या कारागिराकडे जा, नमस्कार करा आणि विचारा. १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवरायांचं रूप घेऊन पालखीत बसलेले शिवा काशीद याच समाजाचे, त्यांची समाधी पन्हाळ्याच्या पायथ्याशी आहे. पन्हाळ्याला जाता-येता दोन मिनिटं थांबत चला.

करवीरकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. “धरतोय” हा शब्द आता आमच्या घरात राहणार. आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मला व्हिडिओंतून जे महिनोन्महिने कळत नव्हतं ते कारागीर दादांनी चार ओळींत सांगितलं. जबड्याची कातडी हाडावर ओढून घ्यायची हे एकाही व्हिडिओत इतकं साधं करून सांगितलेलं नाही.

त्वचावैद्य_राजारामपुरी

चर्चा छान चालली आहे. डॉक्टर म्हणून काही गोष्टी सांगणं भाग आहे.

वस्तरा एकाचा एकानेच वापरावा. भाऊ असो, बाप असो, वाटून घ्यायचा नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो, आणि डोळ्यांना न दिसणारं रक्त धारेवर असतंच. सलूनमधून अखंड वस्तरा गेला आणि अर्धं ब्लेड आलं ते एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या भीतीने, आणि ते योग्यच झालं. सलूनमध्ये नवं ब्लेड डोळ्यांसमोर मोडून बसवायला सांगा, संकोच करू नका. तुरटीचा खडाही स्वतःचा हवा. हिपॅटायटिस बीची लस प्रौढांनाही घेता येते, ज्यांनी घेतली नसेल त्यांनी घ्यावी.

जुन्या बाजारातून वस्तरा घेणाऱ्यांनी तो आधी निर्जंतुक करून मगच दगडावर न्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह आटोक्यात नसेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. मुरुमांसाठी रात्री रेटिनॉइड क्रीम लावणाऱ्यांची कातडी नाजूक झालेली असते, त्यांनीही जपावं.

आता घोटीव दाढीबद्दल. उलट्या हाताने घेतलेली दाढी सर्वांना मानवत नाही. ज्यांचे केस कुरळे आहेत, त्यांच्या गळ्यावर केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आत वळतो आणि त्याच्याभोवती लाल पुटकुळ्या येतात. पुढे डागही राहतात. अशांनी सुलटी आणि आडवी फेरी करून थांबावं. संध्याकाळपर्यंत किंचित खुंट लागेल, पण कातडी शाबूत राहील. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जण फक्त उलटा हात बंद करून बरे झालेत.

करवीरकाठ

डॉक्टर, धन्यवाद. मी उलटा हात फक्त गालांवर आणि ओठाखाली घेतो, गळ्यावर नाही. गळ्यावर आडवी फेरी दोनदा केली तरी पुरेसं गुळगुळीत होतं असा अनुभव आहे. मात्र गालाला उलटा हात लावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मंगळवारपेठ_कारागीर

डॉक्टरसाहेब बरोबर बोलले. आमच्याकडंही गिऱ्हाईक उलटी दाढी मागतंय आणि मग चार दिवसांनी गळा दाखवायला येतंय. आम्ही आता आधी गळ्यावर बोट फिरवून बघतो. पुटकुळ्या असल्या तर स्वच्छ सांगतो, उलटी मारणार नाही.

शाहूपुरी_नवखा

जुन्या बाजारात एक वस्तरा पाहिलाय. पात्यावर ‘सोलिंगन’ कोरलंय, धारेकडे एक खड्डा आहे, मूठ पिवळी पडलीय आणि थोडी तडकलीय. घेऊ का? आणि नवा घ्यायचा तर काय बघायचं?

उद्यमनगरी

सोलिंगन हे जर्मनीतलं गाव, चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध. इंग्लंडमध्ये शेफिल्ड, फ्रान्समध्ये तिएर, तशी ही गावं. पोलाद चांगलंच असणार. पण नुसत्या नावावर घेऊ नका.

काचेवर झोपवून बघा: पाठ आणि धार दोन्ही पूर्ण लांबीभर टेकायला हवीत. डुगडुगला तर पातं पिळलंय, सोडून द्या. खड्डा एक मिलिमीटरच्या आत असेल तर घासून निघेल, पण त्याला तास लागतात. गंज धारेपासून लांब, पाठीकडे असेल तर हरकत नाही. धारेवरच काळे टिपके असतील तर ते पोलाद आतून खाल्लेलं असतं, तिथे धार कधीच टिकत नाही. मूठ पिवळी आणि तडकलेली म्हणजे बहुधा सेल्युलॉइड. ते जुनं झालं की कुजतं, आणि त्यातून निघणाऱ्या वाफेने पात्यालाही गंज चढतो. शिवाय ते पटकन पेट घेतं. मूठ बदलून घ्या. बदलेपर्यंत पातं मुठीत मिटून ठेवू नका.

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून: १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) पात्याचं पाणी उतरत नाही, पण सेल्युलॉइडची मूठ आत जाता कामा नये. आधी खिळा काढून पातं सुटं करा.

नवा घ्यायचा तर रुंदी पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश इंच घ्या, टोक गोल. चौकोनी टोक मिशीच्या कडेला कामाचं असतं, पण नवख्याच्या कानाच्या पाळीला ते परवडत नाही. आणि नवा वस्तरा बरेचदा दाढीला तयार धारेचा येत नाही, आधी दगड आणि चामोटी लागतेच. त्यामुळे सगळे पैसे वस्तऱ्यात घालू नका. मध्यम वस्तरा आणि चांगली चामोटी, ही जोडी भारी वस्तरा आणि फालतू पट्टा यापेक्षा कितीतरी बरी.

सुभाषनगर_वादी

नमस्कार. घरात तीन पिढ्या चप्पल बांधायचं काम. चामोटीचा विषय निघालाय म्हणून पहिल्यांदाच लिहितोय.

आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो याच रीतीच्या कामाला. चामोटीला हेच कातडं लागतं. बाजारातल्या बॅगा-पाकिटांचं क्रोमवालं, म्हणजे क्रोमियमच्या रसायनात कमावलेलं, चामडं मऊ आणि ताणणारं असतं, वर रंगाचा थर. त्यावर वस्तरा फिरवून उपयोग नाही. सालीत कमावलेल्या कातड्याला अंगचा कस असतो, पातं त्यावर किंचित अडून चालतं. आबांच्या लेकीने सांगितलेल्या चामोट्या अशाच कातड्याच्या असणार.

कातडं निवडताना पाठीचा भाग घ्यायचा, पोटाचा नाही. पोटाचं कातडं सैल, ओढलं की लांबतं आणि मध्ये पोक येतो. म्हशीचं चालतं, पण तळव्याचं जाड नको. तासून अडीच-तीन मिलिमीटरवर आणावं लागतं. दाण्याची, म्हणजे केस असतात ती गुळगुळीत बाजू वर. त्यावर गोचिडाचा डाग, काट्याचा ओरखडा, सुरीची खूण काही नको, कारण धार तिथे अडखळते. आम्ही पट्टा उजेडात तिरका धरून बघतो आणि मग डोळे मिटून त्यावर तळवा फिरवतो. डोळ्याला सुटलेलं हाताला लागतं.

लांबी निदान दीड फूट, रुंदी अडीच ते तीन इंच. तेल चोपडू नका. खोबरेल तर नकोच, कातडं लोण्यागत मऊ पडतं. रोज तळहाताने वर-खाली घासा. हाताची ऊब आणि हाताचा ओशटपणा पुरतो. महिन्याभराने पट्टा काळपट चकाकायला लागतो, तेव्हा तो तयार झाला म्हणायचा.

आबांची_लेक

दादा, अगदी हेच! आबांची चामोटी मध्यभागी आरशासारखी आहे आणि दोन्ही टोकांना अजून मूळ तांबूस रंग दिसतो. तेल कधी लावलेलं आठवत नाही.

करवीरकाठ

वा. मी परदेशी चामोटीच्या किमती बघत बसलो होतो आणि उत्तर सुभाषनगरात निघालं.

किती हात मारायचे यावर सगळ्यांचं मत वेगळं असतं. मी दाढीआधी कातड्यावर ४० ते ५० जोड्या (एक जाणं-येणं म्हणजे एक जोडी) मारतो आणि दाढीनंतर जाड सुती पट्ट्यावर दहा-पंधरा, ओल पुसायला. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावायची असेल तर त्यासाठी वेगळा पट्टा ठेवा. रोजच्या चामोटीवर लावली की ती परत साधी होत नाही. पेस्टचा पट्टा मी धार मंदावल्यावरच काढतो.

पावसाळ्याचं विचारणारे दोन निरोप आलेत, इथेच लिहितो. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. दाढी झाली की धारेला हात न लावता पातं पुसा, मुठीच्या आतली फटही टिश्यूने कोरडी करा, कारण गंज तिथून वर येतो. रात्रभर उघडा राहू द्या. रोज वापरणार नसाल तर शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. खोबरेल इथेही नको, २४ अंशांच्या खाली गोठतं आणि थंडीत पात्यावर थर बसतो.

शाहूपुरी_नवखा

सर्वांचे आभार. सोलिंगनचा वस्तरा काचेवर टेकवून पाहिला, टोकाकडे डुगडुगतो. सोडून दिला. नवाच घेतो, पाच अष्टमांश, गोल टोकाचा. वरच्या ओठाचं मात्र कुणी बोललं नाही. मिशी ठेवायची नाहीये.

मंगळवारपेठ_कारागीर

भावा, वरचा ओठ दातांवर खाली ओढ. नाकाचा शेंडा बोटानं वर उचल. फक्त सुलटा हात, वरून खाली, दोन-तीन आखूड ओढींत. नाकाखालच्या मधल्या खोबणीत पातं आडवं पडत नाही, तिथं कोन थोडा उभा करून टोकाची धार लाव. ओठाची कड जवळ आली की थांब, कातडी सोड, पुन्हा ताण. पहिले काही आठवडे ओठाला रेझरच वापर, घाई नको. आणि दुकानात ये एकदा, दुपारी गर्दी नसते. तुझ्याच तोंडावर हात धरून दाखवतो.

सुभाषनगर_वादी

चामोटीसाठी बऱ्याच जणांनी विचारलंय. आत्ता पावसात कमावलेलं कातडं नीट वाळत नाही आणि ओलसर कातड्याचा पट्टा पुढे वाकडा होतो. दसऱ्यानंतर ऊन पडलं की पाठीचं चांगलं कातडं बघून कापतो. अडीच इंची हवा की तीन, आणि एका टोकाला कडी लावून हवी की दोन्हीकडे पकड, एवढं इथेच लिहून ठेवा.

आबांची_लेक

अडीच इंची, कडी लावून. धाकट्या भावाला शिकायचंय.

करवीरकाठ

तीन इंची, एका टोकाला कडी. शाहूपुरीच्या भावासाठीही एक धरा.